गाथा कोणाची? : लिंगोची कथा आणि न बोललेल्यांची बाजू

एखादी साहित्यकृती वाचताना तीत काय सांगितले आहे याकडे आपण लक्ष देतो. पण ती कोणी सांगितली, कोणासमोर सांगितली, आणि ती सांगितली जात असता कोण गप्प बसला होता, याकडे सहसा लक्ष देत नाही. पहिला प्रश्न वाङ्मयाचा आणि बाकीचे प्रश्न इतिहासाचे किंवा समाजशास्त्राचे, अशी वाटणी आपल्याकडे रूढ झाली आहे. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. गप्प राहिलेल्याची बाजू लक्षात घेतली म्हणजे कृतीच्या कडेला एखादी टीप वाढते एवढेच घडत नाही. कित्येकदा कृतीचा मध्यच हलतो, आणि जे प्रास्ताविक वाटत होते ते मर्म ठरते. हे विधान तत्त्व म्हणून मांडणे सोपे आहे. त्याची परीक्षा मात्र एखाद्या प्रत्यक्ष कृतीवरच झाली पाहिजे. म्हणून या लेखात आम्ही मुख्यतः एक कृती घेतली आहे : गोंडांची लिंगोगाथा.

ही निवड स्थलमाहात्म्यानेही झाली आहे. तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातील मंडलाचे गाव महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. १९५६ पूर्वी पलीकडचा किनवट तालुकाही याच जिल्ह्यात, निजामाच्या जुन्या मुलखात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडकडे गेला, आणि २०१४ पासून अलीकडची बाजू तेलंगणात आहे. रेघा बदलल्या, पण माणसे होती तेथेच राहिली. या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी आणि उर्दू एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. अशा ठिकाणी 'साहित्य कोणाचे' हा प्रश्न कोणालाही फार काळ टाळता येत नाही.

गाथेचा प्रवास

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मसेवा, शाळा आणि भूगर्भशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी मोठे काम केले. मध्य प्रांतातील आदिवासींविषयीही ते टिपणे करीत होते. सप्टेंबर १८६३ मध्ये एका ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. मागे राहिलेली टिपणे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केली. त्यांतच लिंगोची दीर्घ गाथा आहे : मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी अर्थ. ही गाथा परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेली आहे.

पुढे कॅप्टन फोर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या पुस्तकात तिला इंग्रजी पद्याचा पेहराव दिला, आणि त्यासाठी छंद निवडला तो अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या 'हायावाथा'चा. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांच्या जातिजमातीविषयक ग्रंथात ती पुन्हा आली. त्याच वर्षी नागपूरचे बिशप आयर चॅटर्टन यांनी गोंडवनाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली. म्हणजे पन्नास वर्षांत एक मिशनरी, एक प्रशासक, एक सैनिक, दोन वंशशास्त्रकार आणि एक बिशप एवढ्यांच्या हातांतून ही गाथा गेली. या सर्वांची नावे ग्रंथसूचीत आहेत. गाथा आजही 'हिस्लॉपची' म्हणून ओळखली जाते. ज्याच्या कंठातून ती आली त्या परधानाच्या नावाने कोणी तिला ओळखीत नाही.

हिस्लॉप यांच्यावर दोष ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांनी ती उतरवून घेतली नसती तर तो विशिष्ट पाठ आज आपल्यापुढे नसता. त्यांनी मूळ गोंडी शब्द जपले, केवळ सारांशावर भागविले नाही, ही त्यांची प्रामाणिकता मोठी आहे. परंतु संग्राहकाविषयीची कृतज्ञता आणि गायकाविषयीची विस्मृती या दोन गोष्टी एकत्र नांदल्या, एवढे नोंदविणे भाग आहे.

परधान : गायक की पुरोहित?

या विस्मृतीचा वाचनावर काय परिणाम झाला? पहिला परिणाम एका शब्दात दिसतो. इंग्रजी लेखनात परधानास अनेकदा 'पुरोहित' म्हटले गेले. आदिलाबादकडील व्यवस्था निराळी आहे. येथे कुळदेवतेचा, म्हणजे पर्सा पेनाचा, पुजारी कटोडा असतो आणि तो गोंड असतो. परधान हा भाट. गोंड यजमानाच्या कुळाची कथा किंगरीवर गाणे हा त्याचा वंशपरंपरागत अधिकार, आणि यजमानाकडून मिळणारे दान ही त्याची उपजीविका. तो गोंडांच्या पंक्तीतला नव्हे. सामाजिक पायरीवर तो खाली. तथापि त्याच्या गायनावाचून कुळदेवतेचा विधी पुरा होत नाही. ज्याला बरोबरीचे स्थान नाही त्याच्याच स्मृतीत यजमानाचा सारा इतिहास ठेवलेला, अशी ही विलक्षण रचना आहे.

त्याहून विलक्षण गोष्ट भाषेची. आदिलाबादचा परधान गातो गोंडीत. घरी मात्र त्याची बोली मराठी असते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकाराने येथे क्षणभर थांबावयास हवे. मराठी बोलणारा एक समाज पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेतील महाकाव्य कंठस्थ ठेवतो, आणि त्या समाजाचा उल्लेख मराठीच्या इतिहासात नसतो. कारण त्याचे गाणे गोंडी म्हणून मानववंशशास्त्राकडे गेले, आणि त्याची मराठी ग्रंथात न आल्यामुळे कोठेच गेली नाही.

आता 'पुरोहिता'च्या ऐवजी 'आश्रित गायक' हा शब्द ठेवून गाथा वाचली तर काय दिसते? पुरोहिताचे कथन आपण सिद्धान्त म्हणून ऐकतो : जमातीचे दैवत, जमातीची श्रद्धा, जमातीचा विधी. आश्रिताचे कथन ऐकताना मात्र कान टवकारावे लागतात. कारण त्याला यजमानाची स्तुती करावयाची असते आणि त्याच वेळी स्वतःचेही काही सांगावयाचे असते. लिंगो हा गाथेचा नायक वाद्य वाजविणारा आहे. अग्नीच्या शोधात तो राक्षसाच्या घराजवळ जातो, झाडावर बसून वाद्य वाजवितो, आणि त्या नादाने वृद्ध राक्षस व त्याची बायको भान हरपून नाचू लागतात. शस्त्राने जे घडले नसते ते सुराने घडते. हा प्रसंग 'पुरोहिता'च्या तोंडी एक चमत्कार होता. किंगरीवर पोट भरणाऱ्याच्या तोंडी तो आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेची, जवळजवळ उघड अशी, मागणी आहे. गायक यजमानास जणू सांगतो आहे की तुमच्या चुलीतला अग्नी वादकाने आणला.

गुहेचा अर्थ

दुसरा परिणाम गाथेच्या आरंभाविषयी आहे. कथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर मोठी शिळा लावतो. कारण असे की ते काहीही खातात, अस्वच्छ राहतात आणि त्यांची दुर्गंधी सुटते. चौघे तेवढे निसटतात. पुढे लिंगो तपश्चर्या करून, कठीण अटी पुऱ्या करून बाकीच्यांना सोडवितो. युरोपीय वाचकांचा कल असा की महादेव-पार्वतीचा हा भाग हिंदू पुराणांची भेसळ समजावी, आणि ती वगळून 'शुद्ध' गोंडी कथा शोधावी.

भेसळ असेल, ती नाकारण्याचे कारण नाही. पण गुहेत कोंडलेल्याच्या बाजूने पाहिले तर ही भेसळच कथेचा आशय होते. दुर्गंधी येते असे कोण म्हणतो? ज्यांच्या हाती राज्य, शेती आणि देवस्थाने आली त्या शेजाऱ्यांचा देव म्हणतो. आपल्याविषयी दुसरे काय बोलतात हे दुर्बल माणसाला नेहमी पाठ असते. सबळाला ते पाठ करावे लागत नाही. गाथेने तो तुच्छतेचा शब्द लपविला नाही, पुसलाही नाही. त्यालाच कथेचे बीज केले आणि मग शिळा हलविणारा नायक उभा केला. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये भोसल्यांच्या हाती गेले हे लक्षात ठेवून, त्यानंतर शतकभराने उतरविलेला हा पाठ वाचला की गुहा ही केवळ आदिम कल्पना राहत नाही. आमचे हे अनुमान आहे, पुरावा नव्हे; परंतु 'भेसळ' म्हणून हा भाग कापून टाकणाऱ्याला हे अनुमान करण्याची संधीच मिळत नाही, आणि हे नुकसान लहान नाही.

आदिलाबादकडे पहांडी कुपार लिंगालाबरोबर जंगुबाईचे नाव घेतले जाते. तिचे ठाणे गुहेतच आहे, आणि तेही नेमके महाराष्ट्र व तेलंगण यांच्या सीमेवर. पौष महिन्यात दोन्ही राज्यांतील गोंड तेथे जमतात. ज्या गुहेला वाचकाने रूपक मानले ती भक्तांच्या पायवाटेवरची जागा आहे. ग्रंथातील गुहा आणि डोंगरातील गुहा यांची गाठ पडते तेव्हा वाचक अधिक नम्र होतो.

सात बहिणी

गाथेच्या आतही गप्प राहिलेले आहेत. राक्षस प्रसन्न होऊन आपल्या सात मुली लिंगोस देतो. तो स्वतः विवाह न करता त्या चार भावांना वाटून देतो : तिघांना दोन-दोन, धाकट्यास एक. पुढे या बहिणी लिंगोवर मोहित होतात, तो त्यांना मुसळाने मारतो, त्या नवऱ्यांकडे खोटी फिर्याद करतात, आणि भाऊ लिंगोचा वध करतात. ख्रिस्ती वाचकास येथे योसेफ व पोटीफराची बायको आठवते. पुन्हा उठणाऱ्या लिंगोमुळे पुढचीही काही साम्ये आठवतात. ही आठवण अस्थानी नाही. पण ती झाली की आपण कथेचा निकाल लावून मोकळे होतो : नायक निर्दोष, स्त्रिया कुटिल.

फिर्याद खोटी होती हे कथा स्वच्छ सांगते, आणि आम्हांस ते उलटावयाचे नाही. तथापि बहिणींना देताना, वाटताना आणि घरी आणताना त्यांना कोणी विचारले नाही, हेही कथाच सांगते. सुराने त्यांचा बाप भुलला, सुर वाजविणारा त्यांना मिळाला नाही. दोन वाक्ये जवळ ठेवली की कुटिलतेच्या मागे एक फसवणूक दिसू लागते, आणि लिंगोच्या वैराग्यावरही सावली पडते. गाथा त्यामुळे लहान होत नाही. ती नीतिकथेची इयत्ता ओलांडून शोकान्तिकेच्या जवळ जाते.

आमचे स्वतःचे घर

ही कसोटी इतरांच्या ग्रंथांना लावून आपले ग्रंथ झाकून ठेवणे योग्य नव्हे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या खात्यावर या बाबतीत एक जमा आहे आणि एक येणे आहे.

जमा अशी. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'ने १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत मुक्ताबाई या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला. ती पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सरळ प्रश्न आहे. उघड्यावर बाळंत होणाऱ्या मांग-महार स्त्रियांची व्यथा ती सांगते. मराठी निबंधाचा इतिहास सांगताना लोकहितवादींच्या 'शतपत्रां'वरून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'वर, म्हणजे १८४८ वरून १८७४ वर, उडी मारण्याची सवय फार जुनी आहे. मध्ये मुक्ताबाई उभी आहे. ती दिसली की 'निबंधमाले'तील आत्मविश्वासाचा स्वरही वेगळा ऐकू येतो. स्वदेश, स्वभाषा आणि स्वधर्म यांतील 'स्व' किती जणांचा, हे विचारल्यावाचून ती शैली मग वाचता येत नाही. शैलीचे सामर्थ्य तेवढेच राहते. तिचा परीघ दिसू लागतो.

येणे असे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये निघाले. अनेक जण त्यास मराठीतील पहिली कादंबरी म्हणतात. विधवांचे हाल मराठी गद्यात इतक्या स्पष्टपणे प्रथम आले ते एका ख्रिस्ती लेखकाच्या लेखणीतून, याचा आपणांस अभिमान वाटतो. परंतु त्या ग्रंथातील विधवा बोलतात तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे उत्तर लेखकाजवळ आधीच तयार आहे. पतिनिधनानंतर यमुनेची वाट ख्रिस्ती मंडळीत येऊन पोहोचते. ती वाट खरी की खोटी हा येथे प्रश्न नाही. आमचा तीवर विश्वास आहे. प्रश्न वाङ्मयाचा आहे : जिचे उत्तर ठरलेले आहे तिचे दुःख आपण किती ऐकून घेतो? ज्या विधवा त्या वाटेने आल्या नाहीत त्यांचे बोलणे पुस्तकात प्रकरणासारखे येते आणि संपते. परधानाचे गाणे 'हिस्लॉपचे' झाले तसेच हे दुःख काही अंशी आमचे झाले.

पवित्र शास्त्राचे वाचन

धर्मसेवकाला या विषयाचा खरा संबंध लागतो तो व्यासपीठावर. फिलेमोनास लिहिलेले पौलाचे पत्र पंचवीस वचनांचे आहे. त्यात पौल बोलतो, फिलेमोनास उद्देशून बोलतो. ज्याच्याविषयी सारे बोलणे चालले आहे तो अनेसिम एक शब्दही बोलत नाही. या मौनाचा अर्थ कोण लावतो यावर पत्राचा अर्थ ठरतो. अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात चार्ल्स कॉलकॉक जोन्स हे पाळक गुलामांमध्ये धर्मशिक्षणाचे काम करीत. १८३३ साली त्यांनी या पत्रावर उपदेश करून पळून जाणाऱ्या दासांचा निषेध केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. राहिलेल्यांपैकी काहींनी असे पत्र पवित्र शास्त्रात असूच शकत नाही असे सांगितले. हे जोन्स यांनी स्वतःच आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे.

त्या श्रोत्यांना अक्षरज्ञान किती होते हे बाजूला ठेवू. टीकाकार म्हणून ते पाळकापेक्षा सरस होते. पत्राचा जो अर्थ त्यांना सांगण्यात आला तो ख्रिस्ताच्या सुवार्तेशी जुळत नाही, हे त्यांनी ओळखले. पौलाचा सगळा रोख दासाला दासाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून स्वीकारण्याकडे आहे. तो उपदेशकास दिसला नाही आणि अनेसिमाच्या जागी बसलेल्यांना, पत्रच नाकारण्याच्या रीतीने का होईना, जाणवला. हागारेची कथा, नामानाच्या घरातील इस्राएली पोरीची कथा, इफ्ताहाच्या मुलीची कथा अशाच आहेत. अब्राहामाच्या घराण्याच्या इतिहासात हागार हे उपकथानक आहे. पण अरण्यात देवाला नाव देणारी ती आहे, हे दासीच्या जागेवरून वाचणाऱ्याच्या चटकन ध्यानात येते.

तलमडुगुच्या परिसरात वेठबिगारीची आठवण, सावकाराकडे गेलेल्या जमिनीची आठवण, जंगलातून उठविल्याची आठवण पुस्तकातून शिकावी लागत नाही. कोमुरम भीम १९४० मध्ये याच मुलखात मारला गेला. त्या उठावानंतरच निजाम सरकारने फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांचा अभ्यास करण्यास बोलाविले. आदिलाबादच्या गोंडांविषयी जे प्रमाणग्रंथ आज आपण वाचतो त्यांच्या पाठीशी एका बंडखोराचे मरण आहे. अशा श्रोत्यांपुढे हागारेचे प्रकरण वाचणारा धर्मसेवक अर्थ देण्यासाठी उभा असतो हे खरे. त्याने घेण्यासाठीही उभे राहिले पाहिजे.

मर्यादा

या वाचनपद्धतीचे धोकेही सांगितले पाहिजेत. पहिला धोका कल्पित आवाजाचा. गप्प राहिलेल्याच्या तोंडी आपण आपले विचार घातले तर त्याचे मौन मोडत नाही. त्यावर आपला हक्क बसतो. म्हणून मौनाचा अर्थ लावताना कृतीतील खूण दाखविता आली पाहिजे. सात बहिणींविषयी आम्ही जे म्हटले ते वाटणीच्या प्रसंगावर उभे आहे. तो प्रसंग नसता तर तसे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

दुसरा धोका असा की दडपलेली बाजू म्हणजेच सत्य बाजू, असे समीकरण होते. दुःख माणसाला साक्षीदार करते, न्यायाधीश करीत नाही. परधानाच्या गाण्यातही कोणीतरी त्याच्याखाली असेल. तिसरा धोका 'त्यांच्यासाठी' बोलण्याचा. १९८० नंतर वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम, विनायक तुमराम यांच्यासारखे आदिवासी कवी स्वतः मराठीत बोलू लागले. जेथे माणूस स्वतः बोलतो आहे तेथे त्याचा वकील होऊ पाहणाऱ्याने आसन सोडावे हे उत्तम.

आणि मौन होते असे आपण म्हणतो तेथे कित्येकदा ते नसतेच. गोंडी ही लिपीवाचून राहिलेली भाषा, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. १९४० च्या दशकात मारलवाई येथे पहिली गोंडी वाचने तयार झाली ती देवनागरीत. पुढे २००६ च्या सुमारास याच आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावातील हस्तलिखिते अभ्यासकांसमोर आली. त्यांची लिपी निराळी होती, आणि ती वाचू शकणारे मूठभर वृद्ध गावात होते. २०१८ मध्ये त्या लिपीला संगणकाच्या जागतिक वर्णसंचात स्थान मिळाले. लिहिलेले होते, वाचणारेही होते. आपण विचारले नव्हते.

लिंगोगाथेत गुहेची शिळा हलते ती नायकाने बाहेरून हलविल्यावर. साहित्याच्या वाचनात मात्र आतले लोक आधीपासून बोलत असतात, आणि शिळा बहुधा आपल्या कानांवर असते. सेमिनरीतील विद्यार्थ्यांनी सीमाभागातील सेवेसाठी जाताना भाष्यग्रंथ जरूर न्यावेत. त्याबरोबर गावात कोण गातो, कोणत्या भाषेत गातो, घरी काय बोलतो आणि त्याचे नाव काय, एवढे विचारून आपल्या वहीत प्रथम लिहावे. पुढचे वाचन त्या नावापासून सुरू व्हावे, अशी आमची विनंती आहे.